घरभर पाळलेलं पथ्य

लोक पावसाळ्यात सुरगाण्याकडे धबधबे बघायला जातात. मी गेले ती बदललेल्या झडपा कशा चालल्या आहेत ते बघायला. घरी सांगितलं तेव्हा आमचे हे पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "हृदयाच्या झडपा दवाखान्यात बघतात, डोंगरात नाही." त्यांचं बरोबर होतं. पण डोंगरातली माणसं दवाखान्यात येईनात, तर मग जायचं कोणी?

मी नाशिकच्या एका हृदयाच्या दवाखान्यात काम करते. बरीच वर्षं वॉर्डात सिस्टर होते. गुडघे कुरकुरायला लागले तसं आमच्या सरांनी मला संशोधनाच्या कामाला घेतलं. झडप बदलल्यानंतर माणसाचं पुढे काय होतं, याचा अभ्यास. ऑपरेशन झालं, टाके सुकले, पेढे वाटून झाले, इथवरचं आम्हाला ठाऊक असतं. पण तो माणूस पुन्हा शेतात उतरला का, चढण चढताना थांबतो का, उशी न घेता झोपतो का, हे त्याच्या दारात गेल्याशिवाय कळत नाही. जो पेशंट तपासणीला येत नाही आणि फोनही उचलत नाही, त्याच्या नावापुढे 'संपर्क तुटला' असं लिहायची पद्धत आहे. हे दोन शब्द लिहिताना माझा हात जड होतो.

या खेपेला ते मंजुळाच्या नावापुढे लिहायची वेळ आली होती.

मंजुळा सव्विशीची. लहानपणी सांधे सुजून ताप आला, त्या तापाने झडप खराब केली. लग्नानंतर हंडाभर पाण्यालाही धाप लागायला लागली, तेव्हा कुठे ती आमच्यापर्यंत पोचली. थंडीत तिला धातूची झडप बसवली. घशातली नळी काढल्यावर बहुतेक जण आईला हाक मारतात, नाहीतर देवाला. ही म्हणाली, "सिस्टर, भूक लागली." तेव्हापासून ती माझी लाडकी.

धातूच्या झडपेला जन्मभर रक्त पातळ ठेवायची गोळी लागते. गोळी कमी पडली तर झडपेवर गुठळी धरते आणि जास्त झाली तर रक्तस्राव होतो. दोन्हीकडून जिवाला धोका. म्हणून ठरावीक दिवसांनी रक्त तपासून गोळीचं प्रमाण जुळवत राहायचं. मंजुळाने लागोपाठ दोन तपासण्या चुकवल्या होत्या आणि तिच्या नवऱ्याचा फोन बंद लागत होता. ती आहे तरी कशी, या काळजीने मी आषाढात घराबाहेर पडले. पिशवीत थेंबभर रक्तावरून ते किती पातळ आहे त्याचा आकडा सांगणारं छोटं यंत्र होतं आणि अंतर मोजायची टेप होती.

लासलगाव

आधी वाटेवर नसलेली एक भेट उरकली. लासलगाव म्हणजे सुरगाण्याच्या अगदी उलट दिशेला. पण तिथल्या तात्यांनाही धातूचीच झडप, त्यांची तपासणी राहिली होती, आणि तात्यांकडे जेवण चांगलं मिळतं.

तात्या बाजार समितीत मापाडी होते. कांदा तोलण्यात हयात गेली. आता काम सुटलं, तरी पाय तिकडेच वळतात. आमच्या अभ्यासात पेशंटला सहा मिनिटं सपाट जागेवर चालवून किती अंतर कापलं ते मोजायचं असतं. तात्यांनी सपाट जागा म्हणून मला थेट मार्केट यार्डात नेलं. दोन्ही बाजूंना कांद्याच्या ट्रॉल्या, मधे लिलावाचा घोळका, आणि माझे पेशंट दर ट्रॉलीपाशी थांबून कांदा हातात घेऊन बघतायत.

"तात्या, थांबायचं नाही, चालायचं!"

"चालतोच हाय की. पण हा माल बघा ना बाई, भिजलेला आणलाय त्यानं."

चाचणी तीनदा फसली. चौथ्यांदा मी त्यांचा दंड धरून चालले, तेव्हा लोकांनी आम्हाला वाट करून दिली. एकाने तर विचारलं, बाबांना कुठं धरून नेताय म्हणून.

घरी काकूंनी बाजरीची भाकरी, बुक्कीने फोडलेला कांदा आणि मेथीची भाजी वाढली. तात्यांच्याही ताटात मेथी होती.

मी विचारलं, "तात्या, पथ्य पाळता ना?"

"एकदम कडक. पालेभाजी बंद."

"आणि ही?"

"ही घरची हाय," तात्या म्हणाले आणि भाकरीने ताट पुसून घेतलं.

काकूंनी हातानेच कपाळ बडवून दाखवलं. "एकाआड एक दिवस लागती यांना. नाय केली तर फुगून बसत्यात."

यात गंमत नाही, भीती आहे. पालेभाजीने त्या गोळीचा जोर कमी होतो. मी घाईने तात्यांच्या बोटाला टोचलं, तर आकडा अगदी हवा तेवढा! सरांना फोन केला. ते हसून म्हणाले, "अहो, ते नेमाने खातात. तेवढी भाजी धरूनच त्यांची गोळी बसलीय. भाजीने बिघडत नाही, एकदम वाढवली किंवा एकदम तोडली की बिघडतं. हे नीट सांगायला वेळ लागतो, म्हणून घाईत कोणीतरी 'बंद' म्हणून मोकळं होतं."

परत येताना मला आमच्या घरातलं पथ्य आठवत होतं. सासऱ्यांना साखर निघाली, तेव्हा आम्ही जिलबी आणायचो आणि स्वयंपाकघराचं दार लोटून खायचो. त्यांना वास यायचा. ते बाहेरून खोकायचे आणि आम्ही आत तोंड दाबून हसायचो. पथ्य ज्याचं त्याचं, अशीच आमची समजूत.

वणीच्या पुढे

दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरली. वणीपर्यंत द्राक्षाच्या बागा, पावसाळ्यात नुसत्या तारा आणि पानं. पुढे बोरगावच्या बाजूला रस्ता वळणं घ्यायला लागला आणि माझं पोट माझ्यावर उलटलं. शेजारच्या बाईने न विचारता तिच्या ओच्यातून लिंबू काढून माझ्या हातात ठेवलं. तिला मी 'थँक्यू' म्हटलं तर ती लाजून खिडकीबाहेर बघायला लागली. आमच्याकडे लिंबू देणारी बाई आधी, कुठल्या तुम्ही, इकडे कोणाकडे, हे सगळं विचारून घेते.

सुरगाण्याला जीप मिळाली. ड्रायव्हर भोयेदादा. जीप भरल्याशिवाय हलायची नाही हा तिथला नियम, आणि भरली म्हणजे किती हे भोयेदादा ठरवणार. माझ्या मांडीवर कोणाची तरी कोंबडी बसली. ती पाड्याच्या फाट्यापर्यंत निमूट बसून होती, मीही.

मंजुळाचं नाव-गाव सांगितल्यावर भोयेदादा म्हणाले, "रमेशची बायको? छाती फाडलेली? ती आहा ना घरी. मला वाटलं तिला तुम्ही बरी करून धाडली."

आहा म्हणजे आहे. तेवढा एक शब्द ऐकून माझा निम्मा जीव भांड्यात पडला.

फाट्यापासून पायवाट. डाव्या हाताला भाताची खाचरं, पाण्यात वाकून रोपं लावणाऱ्या बाया, पाठीवर पानांची इरली. सगळं इतकं हिरवं की डोळ्यांना थंड वाटत होतं. मी बघत चालले आणि बघण्याच्या नादात घसरून बसले. यंत्र साडीत गुंडाळून ठेवलं होतं म्हणून वाचलं. माझ्या बसण्याच्या जागेचं काय झालं ते लिहीत नाही. खाचरातल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या आणि त्यांतली एक मला उठवायला चिखलातून वर आली. ती मंजुळा होती.

एवढ्या चढावर धाप न लागता आलेली मंजुळा! मला रडूच आलं. पण तिने हात पुढे केला तेव्हा कोपरापासून मनगटापर्यंत निळे डाग दिसले. हसली तर हिरड्यांच्या कडेला रक्त.

पाडा

मंजुळाची सासू सोनीबाई दारात उभी होती. दवाखान्यात हीच बाई महिनाभर पायऱ्यांवर बसून राहिली होती आणि येता-जाता माझ्या हाताला हात लावायची. आज तिने मला आत बोलावलं नाही.

"ती बरी हाय सिस्टरबाई. चहा घ्या आन जावा. पावसात घाट वाईट."

"दोन वेळा आला नाहीत तपासणीला."

"फोन पाण्यात पडला," रमेश मागून म्हणाला. तो मंजुळाचा नवरा, खांद्यावर ओलं पोतं घेऊन खाचरातून आला होता. "मी म्हणत व्हतो जाऊ, पण आई नको म्हणं."

सोनीबाई चुलीकडे वळली. मग मात्र पाहुणीला उपाशी कसं धाडायचं म्हणून जेवायला बसवलंच. नागलीची भाकरी, उडदाची आमटी, सुकटीची चटणी. चव विचारू नका. माझं पोट घाटात रिकामं झालेलं, मी दोन भाकरी खाल्ल्या. आणि हावरट स्वभाव, म्हणून विचारलं, "सोनीबाई, येताना बांधावर कोवळा कुर्डू बघितला. या दिवसांत तुमच्याकडे रानभाज्यांची चैन असेल. आज केली नाही का?"

सोनीबाई आपसात बोलायच्या भाषेत, इकडच्या डोंगरातल्या कोकणीत, काहीतरी पुटपुटली आणि बाहेर निघून गेली.

रमेशने सांगितलं. त्यांच्या घरची रीत अशी, की पाऊस पडल्यावर रानातली पहिली भाजी आधी देवापुढे ठेवायची, मग घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून खायची. त्यानंतरच पुढची भाजी खुडायची. घरातलं एक जरी माणूस खायचं राहिलं, तरी भाजी चालू करायची नाही. मंजुळाला शेवटच्या तपासणीहून निघताना कोणीतरी पालेभाजी बंद सांगितली होती. ती खाणार नाही, म्हणजे पहिली भाजी होणार नाही. म्हणून पाऊस सुरू झाल्यापासून या घरात हिरवं पान शिजलंच नव्हतं.

"कोणीच नाही खाल्लं?"

"बा नाय, मी नाय, आई नाय. हीच रडती. म्हणती माझ्यापायी सगळी उपाशी."

आमच्या घरी दार लोटून जिलबी खाल्ली जायची, आणि इथे डोंगरभर भाजी उगवलेली असताना सुनेच्या पथ्यासाठी सासू-सासरे नुसत्या आमटीवर होते.

हात धुऊन यंत्र काढलं. मंजुळाच्या बोटाला टोचलं तर रक्त थांबायला चांगला वेळ लागला. आकडा आला तो हवा त्यापेक्षा बराच वर. रक्त फार पातळ झालं होतं. आता एखादी जोराची ठेच लागून पोटात किंवा डोक्यात कुठे स्राव झाला असता, तर या पाड्यावरून तिला खाली न्यायलाही वेळ मिळाला नसता. मंजुळा माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. वॉर्डात इतकी वर्षं काढूनही मला चेहरा झाकता येत नाही.

फोनला रेंज फक्त टेकाडावर मिळते. मी वर गेले. सरांनी सगळं ऐकून घेतलं. "आजची गोळी देऊ नका. उद्या सकाळी तिला घेऊन या, इथे बघू. थंडीत गोळी ठरवली तेव्हा ती हरभऱ्याची, मेथीची भाजी खात असणार. ती भाजी तुटली आणि गोळी तीच राहिली. तिला भाजी खाऊ द्या, घरातले खातील तेवढी, रोज सारखी."

फोन ठेवून वळले तर मागे सोनीबाई उभी. पावसात, डोक्यावर काही न घेता.

"तिला परत कापतील?" तिने विचारलं.

"नाही हो. गोळी जुळवायची आहे फक्त."

"मला तुम्हाला एक सांगायचं व्हतं. म्हणून मी तिला दवाखान्यात धाडली नाय." ती जमिनीकडे बघत होती. "तिथं विचारतात ना, पथ्य मोडलं का? मला खोटं बोलता येत नाय. मी खाल्ली सिस्टरबाई. बहिणीच्या पाड्यावर गेले व्हते. तिनं ताटात वाढली, मला राहवलं नाय. घरी आले आन दोन दिसांनी मंजुळाच्या तोंडातून रक्त आलं. माझ्यामुळं आलं. एवढ्याशा घासासाठी मी पोरीचा जीव घालवत व्हते."

ही बाई इतके दिवस सुनेच्या हिरड्यांतलं रक्त बघत होती आणि प्रत्येक वेळी स्वतःला दोष देत होती. सुनेवर इतकी माया, आणि त्याच मायेने केलेलं सगळं उलट पडलेलं. ते सांगायचं कसं? 'तुम्ही खाल्ल्याने नाही, तुम्ही न खाऊ घातल्याने झालं,' असं सांगितलं तर एका ओझ्याच्या जागी दुसरं. मी तिचे दोन्ही हात धरले.

"सोनीबाई, इकडे बघा. तुमच्या खाण्याने तिला काही झालेलं नाही. ज्याने कोणी तुम्हाला भाजी बंद सांगितली, त्याने अर्धंच सांगितलं. चूक सांगणाऱ्यांची. तुम्ही ऐकलं तसं पाळलं. इतकं पथ्य आमच्या कुठल्याच पेशंटच्या घरी पाळलेलं मी बघितलं नाही. फक्त आता सोडायचं. मंजुळाला भाजी हवीय. डॉक्टरांनीच सांगितलंय. तीच तिचं औषध आहे."

"भाजी?"

"भाजी."

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिची थट्टा करते आहे. मग तिथेच ओल्या गवतात बसली आणि मोठ्याने रडायला लागली. मीही तिच्या शेजारी बसले. साडी तशीही मघाशीच चिखलात गेली होती.

वाचणाऱ्याच्या जिवाला घोर नको म्हणून पुढचं आधीच सांगते. दुसऱ्या दिवशी भोयेदादांनी जीप भरायची वाट न बघता आम्हाला खाली सोडलं, हे त्यांच्या आयुष्यातलं पहिलंच उदाहरण असावं. मंजुळाला चार दिवस ठेवून घेतलं. आकडा खाली आला, गोळीचं प्रमाण नव्याने बसलं, निळे डाग पिवळे होऊन गेले. सोनीबाई पुन्हा त्याच पायऱ्यांवर बसून होती. संपर्क तुटलेला नाही, हे मी माझ्या हाताने लिहिलं. आणि आता आमच्या दवाखान्यातून जाणाऱ्या प्रत्येक घराला मी आधी विचारते, तुमच्याकडे हिरवं काय शिजतं आणि कोण कोण खातं. मग पुढचं बोलते.

पण मला लिहायचं आहे ते त्या दिवशीच्या संध्याकाळचं.

टेकाडावरून उतरताना सोनीबाई माझ्या पुढे पळत होती. बांधाबांधाने वाकून कुर्डूचे शेंडे खुडत होती आणि ओच्यात टाकत होती. खाचरातल्या बायांनी विचारलं तर तिने ओरडून काहीतरी सांगितलं आणि त्या सगळ्या हातातली रोपं टाकून उभ्या राहिल्या. घरी मंजुळा चुलीपाशी आली तर तिला हाकलली. स्वतः निवडली, धुतली, लसूण-मिरचीत परतली. घरभर वास सुटला. मंजुळाचा सासरा दोनदा उगाचच आत येऊन गेला.

पहिला वाटा देवापुढे गेला. मग सगळे ओळीने बसले, सासरा, रमेश, मंजुळा आणि पाहुणी म्हणून मी. सोनीबाईने सगळ्यांना वाढलं. आणि स्वतः हात पदराला पुसत भिंतीला टेकून बसली.

"आई, तुझं ताट?" मंजुळाने विचारलं.

"तुम्ही खावा. मी नाय. मी आधी खाल्ली हाय, बहिणीकडं. मला नाय आता चालायची." ती हे सगळ्यांसमोर बोलली. नवऱ्याकडे न बघता, मुलाकडे न बघता.

सासऱ्याचा हात भाकरीवर तसाच राहिला. मंजुळाने आपलं ताट उचललं, उठली, आणि जाऊन सोनीबाईच्या समोर जमिनीवर बसली. भाकरीचा तुकडा मोडला, त्यात भाजी घेतली आणि सासूच्या तोंडाशी धरली.

"एक माणूस राहिलं तर बाकीच्यांना चालत नाय, तूच शिकवलंस ना मला? डॉक्टर म्हणत्यात मला भाजी पाहिजे. मंग तू खा. तू खाल्ल्याबिगर मला कशी चालेल?"

सोनीबाईने तोंड उघडलं.

मंजुळाने दुसरा घास स्वतः खाल्ला. मग आम्ही सगळे जेवलो.